सोलापूरच्या उन्हाळ्यात घरच्या बागेतले किडे-पाखरं कसे न्याहाळावेत

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की बागेत आता काही दिसणार नाही, जे पाहायचं ते पावसाळ्यात, असं बहुतेकजण धरून चालतात. खरं तर आपली बागेत जायची वेळ चुकते. या दिवसांत किड्या-पाखरांची कामं पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री उरकतात. जागाही ठरलेल्या असतात: जिथे पाणी आहे, जिथे दाट सावली आहे आणि जिथे कोवळी पालवी आहे. पावसाळ्यात हेच जीव सगळीकडे पांगतात, उन्हाळ्यात ते आपणहून दोन-तीन ठिकाणी गोळा होतात. म्हणून बागभर हिंडू नका. एक झाड धरा, एक पाण्याचं भांडं मांडा आणि रोज तिथेच बसा. जुळे सोलापूरच्या बंगल्याचं परस असो की विजापूर रोडवरच्या फ्लॅटची दहा कुंड्यांची गॅलरी, पद्धत हीच.

वेळ आणि बैठक

मेच्या मध्यावर इथे पावणेसहाच्या सुमारास उजाडतं आणि सातच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. सकाळी सहा ते साडेआठ ही सगळ्यात मोलाची वेळ. ऊन पानांवर पोचायच्या आधी फुलपाखरं पंख मिटून पानाआड बसलेली असतात. त्यामुळे त्यांच्या पंखांची खालची नक्षी तेव्हाच नीट बघता येते. ऊन पडलं की ती पंख उघडून शेकत बसतात आणि थोड्या वेळात उडतात. दुसरी वेळ संध्याकाळी सहा ते सव्वासात, तिसरी रात्री आठ ते साडेनऊ.

भरदुपारी उन्हात बसू नका, पण खिडकीतून लक्ष ठेवा. साळुंक्या आणि कावळे चोच उघडी ठेवून बसतात. पक्ष्यांना घाम येत नाही, ते असेच धापा टाकून अंग थंड करतात. चतुर तारेवर बसला असेल तर त्याचं शेपूट सरळ सूर्याकडे उभं केलेलं दिसेल. अंगावर पडणारं ऊन कमीत कमी करण्याची ही त्याची युक्ती. संध्याकाळी तोच चतुर आडवा बसलेला दिसतो.

बसायला स्टूल किंवा चटई चालते. जागा झाडापासून चार-पाच फुटांवर घ्या आणि किमान वीस मिनिटं हलू नका. पहिली पाच-सात मिनिटं सगळं चिडीचूप असतं, मग सरडा खाली उतरतो, माश्या परत फुलांवर येतात. किडे रंगापेक्षा हालचालीला आणि सावलीला जास्त दचकतात. सकाळच्या तिरप्या उन्हात आपली लांब सावली त्यांच्यावर पडली की संपलं, म्हणून सूर्याला पाठ करून पुढे सरकू नका, बाजूने जा.

सामान फार लागत नाही: वही, पेन्सिल, टॉर्च, मोबाईल आणि सराफ वापरतात तसं १० पटीचं भिंग. या भिंगाबाबत सगळे एकच चूक करतात, ते हातभर लांब धरतात. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान त्याच्यासमोर साधारण अडीच सेंटीमीटरवर आणायचं. पक्ष्यांसाठी ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते.

पहिलं झाड: कढीपत्ता

सोलापुरात कढीपत्त्याचं झाड नाही असं घर कमीच. शिकायला त्याच्याइतकं चांगलं झाड नाही, कारण लिंबाळी आणि बहुरूपी ही दोन्ही फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. लिंबू, ईडलिंबू आणि बेल ही त्याच कुळातली झाडंही चालतात.

अट एकच, पालवी कोवळी हवी. पाण्याअभावी राठ झालेल्या पानांवर मादी अंडी घालत नाही. त्यासाठी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला शेंडे चार-सहा इंच छाटा आणि झाडाला नेमाने पाणी द्या. नळाला पाणी काही दिवसांआड येत असेल तर तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घाला, पण मीठ किंवा साबण असलेलं नको. बुंध्याभोवती वाळक्या पाचोळ्याचं तीन इंचांचं आच्छादन करा, ओल टिकते.

आता अंडं शोधा. मादी एका पानावर बसते, पोट वाकवते, क्षणभरात उडते आणि पुढच्या शेंड्याकडे जाते. ती जिथे टेकली तिथे बघा. फिकट पिवळा, गोल, मोहरीहून लहान मणी दिसेल, बहुधा एका जागी एकच. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. ती काळसर तपकिरी असते आणि पाठीवर पांढरा पट्टा असतो, हुबेहूब पाखराची विष्ठा. म्हणूनच ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसून राहू शकते. चार वेळा कात टाकल्यावर पाचव्या अवस्थेत ती एकदम हिरवी होते आणि दिसेनाशी होते. तेव्हा अळी शोधू नका, खाली पडलेल्या गडद लेंड्या शोधा आणि बरोबर त्यांच्या वरच्या फांदीकडे बघा.

काडीने तिला हलकेच स्पर्श केलात तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शत्रू त्याने मागे हटतात. एकदा बघून घ्या, पुन्हा पुन्हा डिवचू नका.

अळीची अवस्था दोन ते तीन आठवडे चालते. त्यानंतर ती खाणं थांबवते, भटकते, काडीला रेशमाचा कमरपट्टा बांधून टेकते आणि कोष करते. कोष हिरव्या फांदीवर हिरवा, वाळक्या काडीवर बहुधा तपकिरी असतो. साधारण आठ-दहा दिवसांनी कोषातून पंखांची काळी-पिवळी नक्षी दिसू लागली की दुसऱ्या दिवशी पहाटेपासून लक्ष ठेवा. बाहेर आलेलं फुलपाखरू चुरगळलेलं, ओलं दिसतं. त्याला हात लावू नका. पंखांत द्रव भरून ते ताठ व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात पडलं तर पंख कायमचे वाकडे राहतात.

घरात अळी वाढवून बघायची असेल तर प्लॅस्टिकचा बंद डबा वापरू नका. सोलापूरच्या उन्हात त्याला आतून घाम सुटतो, लेंड्यांवर बुरशी येते आणि अळी काळी पडून मरते. रुंद तोंडाची बरणी घ्या, तोंडाला मलमलीचं कापड बांधा. आत लहान बाटलीत पाणी भरून कढीपत्त्याची डहाळी उभी करा, पण बाटलीच्या तोंडाशी कापूस ठासून भरा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून बुडते. लेंड्या रोज झाडा, पाला रोज बदला, बरणी उन्हात ठेवू नका. कोषासाठी एक तिरपी काडी ठेवा आणि काडीखाली पंख लोंबकळतील एवढी, चार इंच तरी, जागा मोकळी ठेवा. कोषाला बारीक गोल भोक पडलं आणि फुलपाखरू निघालंच नाही, तर आतून परजीवी गांधीलमाशी बाहेर पडली असं समजा. हेही निरीक्षणच आहे, वहीत लिहा.

दोन फुटी कुंडीतल्या झाडावर दोन-तीन मोठ्या अळ्या पुरे. त्याहून जास्त झाल्या तर झाड बोडकं होतं, जास्तीच्या अळ्या शेजारच्या लिंबावर पानासकट हलवा.

कढीपत्ता ओळखीचा झाला की रुईकडे वळा. कुंपणाशी उगवलेली रुई उपटून टाकण्याआधी पानांची खालची बाजू बघा. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर ती बिबळ्या कडव्याची. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि तिच्या फुलपाखरालाही टाळतात. कुंड्यांतली घोळ सगळी भाजीत घालू नका, थोडी राखा. छोटा चांदवा या फुलपाखराच्या अळ्या घोळीवर वाढतात, आणि त्याची मादी दिसायला थेट बिबळ्या कडव्यासारखी असते. ती स्वतः विषारी नाही, पण पक्षी त्या सारखेपणाला फसतात.

मावा पडला तर फवारू नका, बसा

मार्चमध्ये रुईच्या आणि कण्हेरीच्या शेंड्यांवर पिवळा मावा दाटतो. अशा एका शेंड्यासमोर भिंग घेऊन पंधरा मिनिटं बसलात तर बागेचा निम्मा कारभार कळतो. मुंग्या माव्याच्या पाठीवर मिशांनी थोपटतात, त्याच्याकडून गोड थेंब घेतात आणि बदल्यात राखण करतात. ढालकिडा (लेडीबग) आला की त्या त्याच्या अंगावर धावून जातात. ढालकिड्याची अळी मात्र बहुतेकांना ओळखू येत नाही. ती लांबट, करडी, काटेरी असते, आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. तीच ढालकिड्याचं मूल, मावा खाणारी. पानावर बारीक केसासारख्या दांड्यांवर उभी पांढरी अंडी दिसली तर ती जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याची. त्याच्या अळ्याही मावाच खातात.

फवारा मारला की मावा आठवड्यात परत येतो, हे खाणारे मात्र लवकर येत नाहीत. कडुलिंबाचं तेलही अळ्यांना मारतं, ते निरुपद्रवी समजू नका. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फारच वाढला तर ओल्या फडक्याने पुसून काढा किंवा पाण्याच्या जोरदार धारेने पाडा. निदान बागेचा एक कोपरा तरी पूर्ण बिनफवारणीचा ठेवा. मे तापला की मावा आपोआप कमी होतो.

पाण्याचं भांडं

मातीचं पसरट परळ घ्या, एक-दीड फूट रुंद, खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको. मध्ये खरबरीत दगड ठेवा, त्यांचा माथा पाण्याबाहेर राहिला पाहिजे. दगड नसले तर मधमाश्या बुडतात. भांडं सावलीत ठेवा आणि झुडपाला खेटून ठेवू नका. मांजराला दबा धरायला जागा मिळते, म्हणून भोवती सहा-सात फूट मोकळं हवं. गॅलरीत असाल तर कठड्यावर तारेने घट्ट बांधा, वाऱ्याने पडून खाली कोणाला लागायला नको.

पाणी रोज बदला. नुसतं वरून भरत राहू नका. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो, ती घासल्याशिवाय जात नाहीत. नारळाच्या शेंडीने कडा घासून जुनं पाणी कुंडीत टाका. एका आठवड्यात अंड्याचा डास होऊ शकतो, त्यामुळे ‘नंतर बदलू’ चालत नाही.

याच भांड्याशेजारी एका जुन्या थाळीत काळ्या मातीचा चिखल करून ठेवा आणि दिवसातून दोनदा ओला करा. कुंभारीण माशी त्यासाठी येते. सगळं रखरखीत झालं की ओली माती तिला कुठेच मिळत नाही. ती चिखलाची गोळी करून कुठे नेते ते बघा: खिडकीचा गज, दिव्याचं खोकं, दाराची चौकट. बारीक गळ्याची मातीची कुपी करणारी माशी आत एक अंडं धाग्याला टांगते, मग डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपते. नळ्या एकाशेजारी एक लिंपणारी दुसरी जात असते, ती कोळी भरते. वापरातलं घरटं फोडू नका. या माश्या एकट्या राहतात आणि अंगावर धावून येत नाहीत. आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी, त्याच्या जवळ जाऊ नका आणि धूरही करू नका.

भुंगे, एकट्या मधमाश्या, धुळीतले खड्डे

तुळशीच्या मंजिऱ्या खुडायचं उन्हाळ्यात थांबवा. फुलोरी आणि पोया या छोट्या मधमाश्यांना या दिवसांत तेच मोठं ताट असतं. वांग्याला फुलं असतील तर सकाळी सात-साडेसातला तिथे कान द्या. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरते आणि तिच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढतो. पंख न हलवता ती स्नायू थरथरवते, त्या कंपाने वांग्याच्या नळीसारख्या परागकोशातून पराग खाली सांडतात. आपल्या पाळीव मधमाशीला हे जमत नाही. तिन्हीसांजेला वाळक्या गवताच्या काड्या तपासा. निळ्या पट्ट्यांचे नर जबड्याने काडी चावून धरतात आणि ओळीने झोपतात. टॉर्चच्या मंद उजेडात त्यांचे फोटो अगदी निवांत घेता येतात.

गुलाबाच्या पानांच्या कडेला नाण्याने कापल्यासारखे स्वच्छ गोल तुकडे गेलेले दिसले तर तो रोग नाही. पानकापी माशी ते तुकडे गुंडाळून पोकळ काडीत पिल्लांच्या खोल्या करते. तिच्यासाठी सहा ते दहा मिलिमीटर पोकळीच्या बांबूच्या दहा-बारा कांड्या वीतभर लांब कापा, एका टोकाला पेर बंद राहू द्या. जुडी बांधून छपराखाली चार-पाच फुटांवर, तोंड पूर्वेला करून टांगा. थंड देशांतल्या सूचनांमध्ये ही जुडी दिवसभर उन्हात ठेवायला सांगतात, ते इथे करू नका. आपल्या दुपारच्या उन्हात आतली पिल्लं भाजून मरतात. टांगायच्या तारेला थोडं ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या सगळं लुटतात.

ओसरीखाली किंवा जिन्याच्या आडोशाला, जिथे पाऊस कधीच पोचत नाही, त्या भुसभुशीत धुळीत नरसाळ्यासारखे इंच-दीड इंचाचे खड्डे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी जबडे वासून एक करडी अळी बसलेली असते. मुंगी घसरली की ती डोक्याने वाळू उडवते आणि मुंगीला खाली पाडते. पाहायचं असेल तर खड्डा चमच्याने खोल उचला आणि चहाच्या गाळणीतून चाळा. गाळणीत उरलेली अळी पसरट थाळीत दोन इंच कोरड्या धुळीवर सोडा. ती मागे मागेच चालते, गोल फिरत रात्रभरात नवा खड्डा करते. बघून झालं की तिच्या जागी सोडून या.

पक्षी आणि सरडे

चिमण्या-मुनियांसाठी ज्वारीचं एखादं मालदांडी कणीस उलटं टांगा. शिजवलेला भात टाकू नका, उन्हात तासा-दोन तासांत आंबतो आणि घुशी येतात. शिंजीर हा इवलासा पक्षी उन्हाळ्यात घरटं बांधतो. तारेवर किंवा वेलीच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्याने बांधलेला, कचऱ्यासारखा लोंबता पुंजका दिसला तर तो काढू नका. अंड्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात, तोवर पंधरा फुटांवरून दुर्बिणीने बघा. शिंपी पक्षी मोठ्या पानांच्या कडा धाग्याने शिवतो, ती फांदी या दिवसांत छाटू नका.

उष्म्याने भोवळून पडलेलं पाखरू मिळालं तर चोच उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत, अंधारात ठेवा आणि शेजारी उथळ झाकणात पाणी ठेवा. बहुधा ते तासाभरात सावरतं.

मेपासून नर सरड्याचं डोकं आणि खांदे लालभडक होतात. कुंपणाच्या खांबावर बसून तो दंड काढतो. हा हद्दीचा इशारा असतो. एकच नर रोज कोणत्या खांबावर बसतो ते वहीत लिहा, आठवड्यात त्याच्या हद्दीचा नकाशा तयार होतो.

रात्र

भिंतीला किंवा दोरीवर पांढरी सुती चादर ताणून बांधा, समोर दिवा लावा. टर्किश टॉवेल सोलापुरात घरोघरी असला तरी तो नको, धाग्यांच्या वेटोळ्यांत पतंगांचे पाय अडकतात. साध्या एलईडीकडे किडे कमी येतात, अतिनील दिव्याकडे जास्त. अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेली, दमट रात्र निवडा. चादरीचं टोक जमिनीवर पसरा, कितीतरी भुंगेरे खालीच बसतात. साडेनऊला दिवा मालवून चादर हलकेच झटका. रात्रभर चालू ठेवला तर सकाळी साळुंक्या सगळं टिपून खातात आणि उरलेले उडून दमतात.

दिव्याकडे न येणाऱ्या पतंगांसाठी दोन अतिपिकली केळी, ५० ग्रॅम गूळ आणि अर्धी वाटी पाणी कुस्करून झाकून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात दिवसभरात ते आंबतं. तिन्हीसांजेला बशीत घालून फांदीला दोरीने टांगा आणि दोरीला ग्रीस लावा. खोडाला थेट फासलं तर मुंगळे आधी पोचतात.

विंचू बघायला अतिनील टॉर्च वापरा, ३६५ नॅनोमीटरचा सगळ्यात चांगला. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. तो झोत डोळ्यांवर मारू नका. बूट घातल्याशिवाय रात्री बागेत उतरू नका, कुंडी हाताने उचलू नका, काठीने तिरपी करा, आणि काळ्या मातीच्या भेगांमध्ये बोट घालू नका. लाल विंचू आपल्या भागात आहे आणि तो जीवघेणा ठरू शकतो, मुलांना विशेषतः. डंख झाला तर घरगुती उपाय करत न बसता सरळ सिव्हिलला न्या. साप दिसला तर लांबून बघा आणि सर्पमित्राला बोलवा. धामण असो वा नाग, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे सापाला मारणं गुन्हा आहे.

फोटो आणि नोंद

एका जीवाचे चार फोटो घ्या: वरून, बाजूने, समोरून आणि तो बसला होता त्या झाडाचा. ओळख पटवताना बहुतेकदा हा चौथाच कामी येतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर जाणकार नाव सुचवतात. घरटं किंवा दुर्मीळ जीव असेल तर जागा उघड न करण्याचा पर्याय निवडा. वहीत तारीख, वेळ, ऊन की सावली, कोणतं झाड आणि जीव काय करत होता, एवढं तरी हवं. ‘काही दिसलं नाही’ हेही लिहा, त्यावरूनच पुढच्या वर्षी कोणता जीव कधी येतो ते कळतं.

वळीव पडल्यावर

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्या किंवा दुसऱ्या संध्याकाळी घरातले दिवे मालवून फक्त बाहेरचा एक लावा. वाळवीचे पंखवाले थवे जमिनीतून वर येतात. त्यांच्यामागे पाली, भेक, कोतवाल, पिंगळा असे सगळे येतात. कोण कुठल्या क्रमाने पोचतं ते मांडा. पंख गाळल्यावर नर-मादीची जोडी एकामागोमाग एक चालते, ती जागा शोधत असते. घराच्या लाकडाजवळ त्या दिसल्या तर भिंतीलगतची ओल तपासा.

७ जूनच्या आसपास मृग लागतो. पाऊस झालेल्या सकाळी मोकळ्या जमिनीवर लाल मखमली मृगाचा किडा शोधा. भिंगातून पाय मोजा, आठ भरतात, म्हणजे तो किड्यांपेक्षा कोळ्यांच्या जवळचा. ऊन चढलं की तो मातीत जातो, त्यामुळे नऊच्या आत बघून घ्या. मुलांना काडेपेटीत भरू देऊ नका, कोरडं पडलं की तो सुकून मरतो. ओल्या मातीवर सोडा आणि कुठल्या भेगेत शिरतो ते पाहा. दुसऱ्या सकाळी तिथेच पुन्हा सापडण्याची बरीच शक्यता असते.